वडगांवचा तह व सालबाईचा तह : चल संधि आणि स्थावर संधि

१. विषयप्रवेश

इ. स. १७७९ च्या जानेवारींत वडगांव येथें मराठ्यांनीं इंग्रजांचें सैन्य चोहोंकडून कोंडलें, त्यांच्याकडून तह लिहून घेतला, आणि तें सैन्य मुंबईस जाऊं दिलें. सैन्य घाट उतरून खालीं येतांच तह झुगारला गेला. या प्रसंगाविषयीं आपल्याकडे एक मत रूढ आहे. नाना फडणीस व महादजी शिंदे यांनीं हातीं सांपडलेला शत्रु सोडला, कागदावर विश्वास ठेवला, आणि त्याचें फळ पुढें सर्व महाराष्ट्रानें भोगलें, असें तें मत होय. शाळेच्या पुस्तकांतूनहि तें अनेकदां याच रूपानें येतें. प्रस्तुत लेखांत तें तपासून पाहण्याचें योजिलें आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. वडगांव हा एक सुटा डाव नव्हता. १७७४ पासून १७८२ पर्यंत तेच दोन पक्ष त्याच पटावर पुनः पुनः बसत होते. दर वेळीं एकाचें मन दुसऱ्यास अर्धवटच कळत होतें, आणि प्रत्येकाच्या घरांत दुफळी असल्यामुळें स्वतःचें मनहि त्यास पुरतें ठाऊक नव्हतें. अशा व्यवहारांत एका डावावरून कर्त्याची परीक्षा करणें योग्य नव्हे. वडगांवास दोष असेल तर तो दयेचा नसून तारणाच्या निवडीचा होता, आणि सालबाईस तो दोष सुधारला गेला.

२. शास्त्राचा विचार

कौटिलीय अर्थशास्त्राच्या सातव्या अधिकरणांत संधीच्या दृढतेविषयीं एक वाद नोंदलेला आहे. पूर्वाचार्यांचें मत असें कीं, नुसत्या शब्दावर वा शपथेवर केलेला संधि चल, म्हणजे डळमळीत. आणि प्रतिभू, म्हणजे जामीन, किंवा प्रतिग्रह, म्हणजे ओलीस, घेऊन केलेला संधि स्थावर. कौटिल्य हें मत खोडून काढतो. त्याच्या मतें शब्द व शपथ यांचें बंधन इहलोकीं व परलोकीं दोहोंकडे असतें, म्हणून तोच संधि स्थावर. जामीन व ओलीस यांचा उपयोग इहलोकापुरता, आणि तोहि ज्याच्या त्याच्या बळावर अवलंबून. ज्या ग्रंथकारास लोक केवळ कुटिल म्हणून ओळखतात, त्यानें शपथेची बाजू घ्यावी हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. या वादाचा निकाल ऐतिहासिक उदाहरणावरून लागतो काय, हें पुढें पाहूं.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत गणितज्ञांनीं याच प्रश्नाचा निराळ्या वाटेनें विचार केला. डाव एकदांच खेळावयाचा असेल तर वचन मोडणारास लाभ होतो. तोच डाव तोच प्रतिपक्षी पुनः पुनः खेळणार असेल, तर आजच्या लाभांतून उद्यांचा तोटा वजा करावा लागतो, आणि मग शपथेवांचूनहि वचन पाळणें हिताचें ठरूं शकतें. मात्र याला एक अट आहे. प्रतिपक्ष्यानें काय केलें तें आपणांस स्पष्ट दिसलें पाहिजे.

तें दिसत नसेल तर काय होतें, याचें उदाहरण आमच्या बेलापूर-पनवेलच्या खाडीकांठीं सहज मिळतें. येथें पिढ्यान् पिढ्या खारबांदिस्तीची भातशेती होत आली. एका बांधाच्या आंत अनेकांचीं शेतें असत, आणि बांध सर्वांनीं मिळून राखावयाचा असे. उधाणाच्या भरतीस बांध फुटला, तर शेजाऱ्यानें आपल्या वांट्याची माती घातली नाहीं म्हणून फुटला, कीं समुद्रच अनावर झाला, हें फुटल्या जागेकडे पाहून कळत नाहीं. प्रत्येक फूट हा दगा समजून हात आंखडला तर दोघांच्याहि शेतांत खारें पाणी शिरतें. कधींच जाब विचारला नाहीं तर कामचुकाराचें फावतें. शहाणा शेतकरी एका फुटीवर भांडत नाहीं, पण फुटींचा हिशेब ठेवतो.

याहून सूक्ष्म असा दुसरा प्रश्न म्हणजे प्रतिपक्षी मुळांत कोणत्या जातीचा आहे, हेंच ठाऊक नसणें. रॉबर्ट ऑमन व मायकेल मॅश्लर या विद्वानांनीं १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या शस्त्रनियंत्रण-खात्यासाठीं या प्रश्नाचा अभ्यास केला. ऑमन यांस पुढें २००५ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांच्या विचाराचें सार असें कीं, ज्याच्यापाशीं गुप्त माहिती आहे त्यानें ती वापरली कीं त्याच्या वर्तनावरून ती प्रकट होऊं लागते. आणि वापरलीच नाहीं तर ती असून नसल्यासारखी. म्हणून केव्हां, किती व कोणापुढें उघड व्हावें, हाच अशा डावांतील मुख्य प्रश्न होय. पुणें व मुंबई यांच्या त्या आठ वर्षांच्या व्यवहाराकडे आतां या दृष्टीनें पाहूं.

३. कंपनीचा शब्द कोणाचा ?

डिसेंबर १७७४ च्या अखेरीस मुंबईकरांनीं ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी आपल्या ताब्यांत आणली. पोर्तुगीज आरमार साष्टी परत घेण्यास येत आहे, अशी वार्ता त्या वेळीं होती, व तीच निमित्त झाली. मार्च १७७५ मध्यें मुंबईकरांनीं राघोबादादाशीं सुरतेचा तह करून त्यास पेशवाईवर बसविण्याचें पत्करलें.

परंतु १७७३ च्या नियामक कायद्यानें मुंबईच्या युद्धसंधीवर कलकत्त्याच्या गव्हर्नर-जनरलाची व त्याच्या कौन्सिलाची देखरेख आली होती. कलकत्त्यानें सुरतेचा तह नामंजूर केला, कर्नल अप्टन यास पुण्याकडे पाठविलें, आणि १ मार्च १७७६ रोजीं पुरंदरचा तह झाला. त्यानें साष्टी इंग्रजांकडे राहिली, आणि राघोबाचा पक्ष त्यांनीं सोडावयाचा ठरला. यानंतर कांहीं महिन्यांतच विलायतेहून डायरेक्टरांचें पत्र आलें, तें सुरतेच्या तहास अनुकूल ! तें पत्र निघालें तेव्हां पुरंदरचा तह विलायतेस ठाऊक नव्हता. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत कलकत्त्याच्या कौन्सिलांतील मॉन्सन मरण पावला आणि वॉरन हेस्टिंग्ज याचें पारडें जड झालें. ज्या बहुमतानें अप्टन यास पाठविलें होतें तें बहुमतच उरलें नाहीं.

पुण्याच्या दरबारास याप्रमाणें कंपनीचीं तीन तोंडें दिसत होतीं: मुंबई, कलकत्ता व लंडन. एकाचा शब्द दुसरें मोडी, आणि विलायतेचें उत्तर येईपर्यंत प्रसंगच पालटून जाई. मुंबईकर राघोबास आश्रय देतच राहिले, हा पुरंदरच्या तहाचा भंग होता. पण तो कंपनीचा भंग, कीं मुंबईच्या कांहीं महत्त्वाकांक्षी गृहस्थांचा? बांध फुटलेला दिसत होता. फोडणारा दिसत नव्हता.

उलट बाजूसहि असाच अंधार होता. पुण्यांत नाना, सखारामबापू, मोरोबा फडणीस व तुकोजी होळकर यांचीं मतें एक नव्हतीं. १७७८ मध्यें मोरोबाच्या पक्षानें इंग्रजांस राघोबासह पुण्यास येण्याविषयीं सुचविलें. मुंबईकरांनीं त्यावर खल करून निश्चय करावा तोंपर्यंत नाना व महादजी यांनीं मोरोबाचा पक्ष मोडून काढला होता. मुंबईकर ज्या आमंत्रणाच्या भरंवशावर निघाले तें निघण्यापूर्वींच रद्द झालें होतें.

४. सेंट लुबिनचें प्रकरण

१७७७ मध्यें सेंट लुबिन नांवाचा फ्रेंच गृहस्थ पुण्यास आला. नानानें त्याचा सत्कार थाटानें केला. फ्रेंचांचें खरें साहाय्य मिळेल अशी आशा नानास कितपत होती, हा वाद बाजूस ठेवूं. इंग्रजांस धाक वाटावा हा हेतु त्यांत होता, हें उघड आहे. धाक दाखविणें ही खूण होय. पण खूण करणारा एक अर्थ योजतो आणि पाहणारा दुसरा घेतो. नानाचा आशय असा कीं, तुम्ही पुरंदरचा तह पाळाल तर मला फ्रेंचांची गरज नाहीं. इंग्रजांनीं अर्थ घेतला तो असा कीं, नाना फ्रेंचांस मिळालाच आहे, तेव्हां तह पाळून उपयोग काय ? विलायतेंत फ्रान्स व इंग्लंड यांच्यांत १७७८ मध्यें युद्ध जुंपल्यावर या अर्थास बळकटी आली. जी खूण युद्ध टाळण्यासाठीं केली तीच युद्धाचें एक कारण झाली. नानाच्या मुत्सद्देगिरीचा गौरव करतांना हें प्रकरण आपले लेखक बहुधा वगळतात. तें वगळूं नये.

५. पनवेल ते वडगांव

नोव्हेंबर १७७८ मध्यें मुंबईचें सैन्य खाडीवाटे पनवेलीस उतरलें. पनवेल हें त्या वेळीं कोंकण व देश यांच्यामधील मालाचें बंदर होतें. बोरघाटाची वाट येथूनच धरावयाची. सैन्य सुमारें चार हजार, बरोबर राघोबा. सेनापति कर्नल एगर्टन. पण कारभार जॉन कारनाक, एगर्टन व मॉस्टिन या त्रयीच्या हातीं. कॅप्टन स्टुअर्ट, ज्यास आपल्याकडे इष्टूर फांकडा म्हणत, तो पुढें जाऊन घाट धरून बसला होता.

पनवेलीपासून तळेगांव पन्नास मैलांच्या आंतबाहेर. हें अंतर तोडण्यास सैन्यास सुमारें दीड महिना लागला. हजारों बैलांचा बाजारबुणगा, त्रयींतील मतभेद व भिवराव पानशांच्या तोफांचा मारा हीं कारणें प्रसिद्धच आहेत. पण मुख्य कारण निराळें होतें. राघोबा दिसतांच मराठे सरदार त्यास येऊन मिळतील, ही कल्पना धरून सैन्य निघालें होतें, आणि कोणी येईना. प्रत्येक मुक्कामास थांबून वाट पाहावी, तों मराठ्यांस जमण्यास एक दिवस अधिक मिळावा. मॉस्टिन आजारी पडून परत गेला व मरण पावला. ४ जानेवारी १७७९ रोजीं स्टुअर्ट कार्ल्यापाशीं पडला. एगर्टन यानें प्रकृतीमुळें सेनापत्य कॉकबर्न याच्या हवालीं केलें. ९ तारखेस तळेगांव गांठलें तों गांव जाळलेलें, दाणावैरण नाहींशी केलेली. ११ च्या रात्रीं जड तोफा तळ्यांत टाकून सैन्य मागें फिरलें, आणि वडगांवीं अडकलें.

येथें मराठ्यांपुढें दोन मार्ग होते: सैन्य कापून काढणें, किंवा तें तारण समजून तह करणें. रूढ मताचे लोक पहिला मार्ग सांगतात. पण त्याच वेळीं कर्नल गॉडर्ड बंगालची निराळी फौज घेऊन नर्मदेच्या वाटेनें येत होता. मुंबईचें सैन्य बुडालें म्हणून कंपनी बुडत नव्हती. उलट सूडाचें निमित्त मिळून मुंबई, कलकत्ता व लंडन हीं तीन तोंडें एक होण्याचा संभव होता. तहाच्या अटी पाहाव्या: १७७३ नंतर घेतलेला मुलूख, साष्टी धरून, परत द्यावा, गॉडर्डची फौज परत फिरवावी, भडोचेचा हक्क महादजीस मिळावा. राघोबा स्वतः महादजीच्या स्वाधीन झाला होता. या अटी पाळल्या गेल्या असत्या तर रणांत मिळण्याजोगें सर्व रणावांचून मिळालें असतें. तेव्हां तह मागणें ही भोळेपणाची गोष्ट नव्हती.

६. ओलीस

दोष होता तो तारणांत. इंग्रज कमिटीनें आरंभींच कळविलें कीं, संधि करण्याचा अधिकार आपणांस नाहीं. पुरंदरचा तह मोडून पुण्यावर चाल करण्याचा अधिकार ज्यांस होता, त्यांस तह करण्याचा अधिकार नसावा हें चमत्कारिक खरें. पण म्हणून त्यांची सही कलकत्त्यास बंधनकारक होत नव्हती. मराठ्यांनीं सही घेतली आणि फार्मर व स्टुअर्ट हे दोन गृहस्थ ओलीस ठेवून घेतले. हा स्टुअर्ट कार्ल्यास पडलेल्या कॅप्टनाहून निराळा.

घाट उतरल्यावर कारनाक यानें गॉडर्ड यास परत फिरण्याविषयीं लिहिलेला हुकूम रद्द केला. मुंबई व कलकत्ता दोघांनींहि तह नाकारला. गॉडर्ड फेब्रुवारींत सुरतेस पोहोंचला. कारनाक, एगर्टन व कॉकबर्न यांस कंपनीनें पुढें नोकरींतून दूर केलें. म्हणजे कंपनीनें तहाचा भार सही करणारांच्या डोक्यावर टाकून आपण मोकळी झाली.

दोन ओलिसांचें मोल साष्टीपुढें किती ? कौटिल्याचा आक्षेप येथें अक्षरशः खरा ठरला. ओलिसाचें बंधन समोरच्यास त्याची किती चाड आहे यावर, आणि धरणाराच्या बळावर, अवलंबून. शिवाय ओलीस होते महादजीच्या छावणींत. राघोबास बुंदेलखंडाकडे नेत असतां तो वाटेंतून निसटून सुरतेस गेला. आणि १७८० च्या आरंभीं गुजराथेंत गॉडर्डशीं बोलणें चाललें असतां महादजीनें ओलीसहि सोडून दिले. पुण्याचें तारण महादजीनें आपल्या स्वतंत्र डावांत खर्ची घातलें.

पण वचनभंग इंग्रजांस फुकट पचला असें मात्र नाहीं. नानानें निजाम, हैदर व नागपूरकर भोसले यांस पुण्याशीं जोडून चौकडी उभी केली. प्रत्येकाचीं कारणें निरनिराळीं होतीं. पण इंग्रजांच्या तहावर भिस्त ठेवतां येत नाहीं, हें वडगांवच्या उदाहरणावरून पटवून देणें सोपें झालें. निजाम व भोसले यांस हेस्टिंग्ज यानें वळवून घेतलें. हैदरानें मात्र सप्टेंबर १७८० मध्यें कर्नाटकांत बेलीची फौज बुडविली. डिसेंबरांत वसई गॉडर्डनें घेतली खरी. पण फेब्रुवारी १७८१ मध्यें बोरघाट चढून तो खंडाळ्यास बसला, तेव्हां हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन व तुकोजी होळकर यांनीं त्याची रसद तोडली. एप्रिलांत तो पनवेलीस परतला तेव्हां त्याचीं साडेचारशेंहून अधिक माणसें मेलीं वा जखमी झालीं होतीं. अडीच वर्षांत दुसऱ्यांदा पनवेलची वाट इंग्रजांस महाग पडली. हाच वचनभंगाचा दंड. तो एका डावांत दिसत नाहीं, डावांच्या ओळींत दिसतो.

७. प्रतिभू

ऑगस्ट १७८० मध्यें पॉपहॅम यानें ग्वाल्हेर घेतली आणि महादजीच्या घरीं आग लागली. १३ ऑक्टोबर १७८१ रोजीं त्यानें कर्नल म्यूर याशीं स्वतंत्र तह केला, आणि दोन्ही पक्षांमध्यें मध्यस्थी पत्करली. डेव्हिड अँडरसन इंग्रजांच्या वतीनें त्याच्या छावणींत आला, आणि १७ मे १७८२ रोजीं सालबाईचा तह झाला. साष्टी इंग्रजांकडे राहिली. वसई व पुरंदरनंतर घेतलेला इतर मुलूख पुण्यास परत मिळाला. राघोबास दरमहा २५,००० रुपये नेमणूक ठरून त्याचा पक्ष इंग्रजांनीं कायमचा सोडला.

आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें कलम निराळेंच आहे. दोन्ही पक्षांनीं महादजीस जामीन मानलें. जो तह मोडील त्याच्या विरुद्ध तो उभा राहील असें ठरलें. पूर्वाचार्यांचा प्रतिभू तो हाच. ओलीस व जामीन यांतील अंतर येथें स्पष्ट दिसतें. ओलिसास डावांत स्वतःचा हात नसतो, जामिनास असतो. महादजीस दिल्लीकडे मोकळीक हवी होती, त्यासाठीं इंग्रजांशीं सलोखा हवा होता, आणि पुण्यांत वजन राहावें म्हणून पुण्याचा विश्वासहि हवा होता. तह मोडला तर त्याचें दोहोंकडचें नुकसान. शिवाय अँडरसन त्याच्या दरबारीं आणि पुण्याचीं पत्रें त्याच्यापाशीं; म्हणजे दोन्ही हातांतील पानें पाहूं शकणारा तो एकच पुरुष होता. ज्या अंधारामुळें पुरंदरचा तह कुजला, त्यांत दिवा धरणारा कोणी असावा ही योजना सालबाईस प्रथम झाली.

नानाच्या वर्तनाचाहि येथें विचार केला पाहिजे. सही मे महिन्यांत; नानाची मंजुरी २० डिसेंबरास. मधले सात महिने तो तह खिशांत ठेवून बसला. हैदर तोंपर्यंत इंग्रजांशीं लढत होता, आणि तहाचें एक कलम त्याच्याच विरुद्ध होतें. मंजुरी दिली तर हैदर तुटतो. नाकारली तर इंग्रज तुटतात. न बोलतां बसावें तर दोघेहि आशेवर राहतात. अर्थशास्त्राच्या परिभाषेंत हें आसन होय, द्वैधीभावाचा आधार घेतलेलें. ७ डिसेंबरास हैदर मरण पावला, आणि तेरा दिवसांनीं मंजुरी झाली. या दोन तारखांचा संबंध योगायोगाचा मानण्यास आमचें मन घेत नाहीं. सेंट लुबिनच्या वेळीं नानानें खूण फार मोठ्यानें केली. या वेळीं त्यानें मौन हीच खूण केली. पांच वर्षांच्या अनुभवानें मनुष्य काय शिकतो, तें या दोन प्रसंगांवरून दिसतें.

८. आक्षेप व निर्णय

पहिला आक्षेप असा कीं, महादजी स्वार्थी होता. त्यास वडगांवच्या वर्तनाबद्दल इंग्रजांनीं पुढें भडोच दिलें. हें खरें आहे. पण तोच आमचा मुद्दा आहे. निःस्वार्थी जामीन हा जामीनच नव्हे. पुण्यास नुकसान झालें तें महादजीच्या स्वार्थामुळें नव्हे, तर वडगांवीं त्याच्या स्वार्थास तहाशीं बांधून घेतलें नाहीं यामुळें. सालबाईस तें बांधलें गेलें.

दुसरा आक्षेप असा कीं, १२ फेब्रुवारी १७९४ रोजीं महादजी वारला, तरी इंग्रज-मराठे युद्ध १८०३ पर्यंत झालें नाहीं. मग जामिनाचें महत्त्व काय? याचें उत्तर असें कीं, बारा वर्षें पाळलेला तह स्वतःच एक साख निर्माण करतो. १७९५ मध्यें खर्ड्याच्या वेळीं सर जॉन शोअर यानें निजामाची बाजू घेतली नाहीं, हें त्या साखेसहि धरूनच होतें. नानाहि तेव्हां जिवंत होता. १३ मार्च १८०० रोजीं नाना गेला, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजीं दुसऱ्या बाजीरावानें वसईचा तह केला. त्या तहांत जामीन कोणी नव्हता. पेशव्याच्या रक्षणास इंग्रजांचीच फौज. जो पक्षकार तोच जामीन, तेव्हां जाब विचारणारा तिसरा उरला नाहीं. दुसऱ्या वर्षीं युद्ध पेटलें.

आतां अर्थशास्त्रांतील वादाकडे. शपथेविषयीं कौटिल्याचें मत कंपनीसारख्या पक्षास लागू पडत नाहीं, कारण जिचा शब्द तीन ठिकाणीं विभागलेला, तिला परलोकाचें भय घालणार कोणास ? ओलिसाविषयीं त्याचा आक्षेप खरा. जामिनाविषयीं मात्र पूर्वाचार्यांचा पक्ष बलवान दिसतो, पण दोन अटींवर: जामिनाचें स्वतःचें हित तह टिकण्यांत असावें, आणि दोन्ही पक्षांचें वर्तन त्यास दिसत असावें. या दोन्ही अटी मूळ वादांत स्पष्ट नाहींत. आमच्या इतिहासानें त्या पुरविल्या आहेत.

वडगांवचा दोष दयेचा नव्हे असें आम्हीं आरंभीं म्हटलें, त्याचा अर्थ हा. फुकट गेलेला विजय म्हणून वडगांव मुलांस शिकवावयाचा असेल, तर त्याच धड्यांत सालबाईहि शिकविली पाहिजे.

शेवटीं एक विनंति. पनवेल, उरण, आपटें, खोपोली या भागांतून १७७८ व १७८१ सालीं दोनदां सैन्यें गेलीं. बैल, होड्या, दाणा व वाटाडे यांची सोय त्या वेळीं येथील लोकांनीं कोणाकोणास केली, आणि बातम्या कोणत्या वाटेनें वर गेल्या, याचे कागद या भागांतील जुन्या घराण्यांच्या दप्तरांत असण्याचा संभव आहे. आज येथें जुने वाडे पाडून नव्या इमारती उठत आहेत, आणि वाड्याबरोबर रुमालहि जातात. ज्यांच्यापाशीं असे कागद असतील त्यांनीं ते, निदान त्यांच्या नकला, मंडळाकडे द्याव्या.